मिमिक्रीच्या मंचावरून चरित्र भूमिकांकडे: नव्याने येणाऱ्या नकलाकारांसाठी मार्गदर्शक

ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधली सात-आठ मिनिटे नकलाकाराची असतात. गायिका पाणी पिते, ढोलकीवाला वाद्य लावून घेतो आणि तेवढ्या वेळात आपण पाच नट, दोन पुढारी आणि एक क्रिकेट समालोचक काढून दाखवायचा असतो. मी ही मिनिटे बारा वर्षे भरली. त्यानंतर गेली काही वर्षे मी मराठी आणि हिंदी मालिका-चित्रपटांत हवालदार, कारकून, सोसायटीचा सेक्रेटरी, नवरीचा मामा अशा चरित्र भूमिका करतो आहे. या दोन कामांच्या मधल्या वाटेवर माझी तीन वर्षे निव्वळ गोंधळात गेली, कारण मंचावर जे माझे भांडवल होते तेच कॅमेऱ्यासमोर आडवे येत होते आणि तसे स्पष्टपणे सांगणारे कोणी भेटले नाही. मुंबईत काम शोधू पाहणाऱ्या नकलाकारांची ती वर्षे वाचावीत म्हणून हे सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

१. टाळी कोणाला मिळते ते आधी तपासा

आपण एखाद्या प्रसिद्ध नटाचा आवाज काढतो तेव्हा प्रेक्षक टाळी वाजवतात ती ओळख पटल्याबद्दल. ती ओळख निर्माण करण्याचे काम त्या मूळ नटाने वर्षानुवर्षे करून ठेवलेले असते. आपण फक्त तिला योग्य जागी धक्का देतो. चरित्र भूमिकेत ही सोय नसते. पडद्यावर येणारा तलाठी प्रेक्षकाने यापूर्वी कधी पाहिलेला नसतो, त्यामुळे तो कोण आहे हे पहिल्या दहा सेकंदांत आपल्यालाच उभे करावे लागते.

म्हणून पहिले काम असे करा. तुमच्या एका पूर्ण कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण घ्या, शांतपणे ऐका आणि ज्या नकला केवळ प्रसिद्ध व्यक्तीमुळे चालतात त्या सगळ्या कागदावरून खोडून टाका. माझ्या यादीत एकवीस नावे होती. खोडल्यावर दोन उरली. एक आमच्या चाळीतल्या पाणी सोडणाऱ्या काकांची आणि दुसरी एसटीच्या चौकशी खिडकीतल्या माणसाची. कार्यक्रमात या दोन्हींना हशा कमी मिळत असे आणि आयोजक त्या वगळायला सांगत असत. चरित्र अभिनेता म्हणून मला पहिली दोन कामे मिळाली ती नेमकी त्यांच्यामुळे.

जॉनी लिव्हर यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असते, पण त्यातला महत्त्वाचा भाग बहुतेक जण विसरतात. मुंबईतल्या हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात ते कामगार होते आणि तिथल्या वरिष्ठांच्या नकला सहकाऱ्यांना करून दाखवत. त्यांचे 'लिव्हर' हे आडनावही तिथूनच पडले. म्हणजे नटांच्या आवाजांबरोबरच, ज्यांना कारखान्याबाहेर कोणी ओळखत नव्हते अशा माणसांची निरीक्षणे त्यांच्या गाठीशी होती. कल्याणजी-आनंदजी यांच्याबरोबरचे मंचीय कार्यक्रम पुढे झाले, आणि 'बाजीगर'मधला विसरभोळा बाबूलाल १९९३ मध्ये आला.

२. अनोळखी माणसांची वही ठेवा

हा टप्पा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, म्हणून थोडा सविस्तर लिहितो. नकलाकाराचा कान तयार असतो, डोळा मात्र आळशी असतो, कारण ऑर्केस्ट्राच्या मंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो तो आवाज. वहीत त्यामुळे आवाजाविषयी कमीत कमी लिहा. माणूस हाताने काय करतो, वाट पाहताना वजन कोणत्या पायावर टाकतो, नाही म्हणायचे असेल तेव्हा आधी कुठे पाहतो, हे लिहा.

माझ्या वहीतली एक नोंद देतो. तालुक्याच्या कार्यालयात नकला देणाऱ्या (इथे नकला म्हणजे उताऱ्यांच्या प्रती, हा श्लेष मला फार उशिरा सुचला) एका कारकुनाकडे मी दोन तास बाकावर बसून पाहत होतो. ते शिक्का मारण्यापूर्वी तो शाईच्या पॅडवर दोनदा टेकवत, पहिल्यांदा जोरात आणि दुसऱ्यांदा अगदी हलका. शिक्का मारताना कागदाकडे पाहतच नसत; नजर रांगेतल्या चौथ्या-पाचव्या माणसावर असे, बहुधा जेवणाच्या सुट्टीपर्यंत कितीजण उरतील याचा अंदाज घेत. कोणी हुज्जत घातली तर ते उत्तर न देता पेनाचे टोपण काढून पुन्हा लावत. त्या टोपणाचा 'टक' असा आवाज झाला की समोरचा माणूस आपोआप गप्प होई. पुढे मला एका मालिकेत कारकुनाची दोन वाक्यांची भूमिका मिळाली, तेव्हा मी त्यांचा आवाज अजिबात घेतला नाही, फक्त टोपण घेतले. दिग्दर्शकांनी त्या टोपणाचा वेगळा क्लोजअप लावला आणि दोन वाक्यांची ती भूमिका पुढे अकरा भाग चालली.

अशा किमान चाळीस नोंदी होईपर्यंत ऑडिशनच्या वाटेला जाऊ नका, असे माझे मत आहे. हे मत अनेकांना जाचक वाटते, तरी मी ते बदललेले नाही.

या वाटेने कुठवर जाता येते हे पाहायचे असेल तर मल्याळम चित्रपटांकडे पाहा. कोचीच्या कलाभवन या संस्थेच्या मिमिक्री मंडळाने जयराम, दिलीप, कलाभवन मणी अशी नटांची रांगच दिली. सलीम कुमार हेही मिमिक्रीतून आलेले. २०१० च्या राष्ट्रीय पुरस्कारांत ते सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले, तेही हजला जाण्यासाठी पै-पै जमवणाऱ्या म्हाताऱ्या अत्तरविक्याच्या भूमिकेसाठी. सुरज वेंजारमूड यांना हाच पुरस्कार २०१३ साठी मिळाला. त्यांची भूमिका रस्त्यावरचा कचरा उचलणाऱ्या कामगाराची होती आणि चित्रपटाच्या नावाचा अर्थच 'ज्यांची नावे ठाऊक नाहीत ते' असा होता. दोघांचीही आधीची ओळख हशा पिकवणारे नट हीच होती.

३. आवाज आणि चेहरा लहान करायला शिका

मंचावर आपण लकब दीडपट करून दाखवतो, कारण पन्नास फुटांवरच्या माणसालाही ती दिसली पाहिजे. क्लोजअपमध्ये कॅमेरा तुमच्या भुवईपासून हातभर अंतरावर असल्यासारखा असतो आणि तिथे दीडपट केलेली लकब वेडगळ दिसते. माझ्या पहिल्या दिवशी मी 'साहेब आले नाहीत अजून' एवढे वाक्य असे काही फेकले की ध्वनिमुद्रकाने कानावरचा हेडफोन काढून हातात धरला आणि माझ्याकडे केवळ पाहिले. दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "माइक तुमच्या शर्टाच्या आत आहे, दादा." युनिट हसले. मला मात्र तो हशा मिळालेला वाटला आणि पुढच्या टेकला मी आणखी जोर लावला. नकलाकाराची खरी अडचण हीच आहे की हशा ऐकू आला की तो वाढवण्याची त्याला सवय असते.

हा मोह मोठमोठ्यांनाही झालेला आहे. आवाजांच्या जोरावर रेडिओवर गाजलेले ब्रिटिश नट पीटर सेलर्स यांनी १९६४ च्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' या चित्रपटात तीन भूमिका केल्या. त्यांतला राष्ट्राध्यक्ष त्यांनी सुरुवातीला सर्दीने बेजार झालेला असा रंगवला होता. युनिट इतके हसू लागले की टेक वाया जाऊ लागले, आणि दिग्दर्शक स्टॅन्ले क्युब्रिक यांनी ती सर्दी काढून टाकून राष्ट्राध्यक्ष गंभीरपणे करायला लावला. चित्रपटात तोच सर्वांत शांत माणूस आहे आणि त्यामुळेच त्याच्या भोवतालचा वेडेपणा हास्यास्पद होतो.

सरावासाठी मोबाइल छातीच्या उंचीवर ठेवा आणि एकच वाक्य तीन प्रकारे मुद्रित करा: आधी मंचावर म्हणता तसे, मग खोलीतल्या माणसाशी बोलता तसे आणि शेवटी शेजारी झोपलेले मूल जागे होऊ नये अशा बेताने. तिसरे मुद्रण पाहताना तुम्हाला काहीच केले नाही असे वाटेल. बहुतेक वेळा तेच वापरण्याजोगे असते. शिवाय तीनही वेळा हात त्याच शब्दावर हलला का, हेही तपासा. एकच प्रसंग आधी मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळे दृश्य एकत्र दिसेल असा दुरून, आणि नंतर जवळून पुन्हा घेतला जातो. मास्टरमध्ये कप उजव्या हातात असेल आणि क्लोजअपमध्ये डाव्या, तर तुमचा क्लोजअप संकलकाच्या टेबलावर कापला जातो. मंचावर दर प्रयोगाला नवे काही घालणाऱ्या माणसाला ही शिस्त अंगवळणी पडायला वेळ लागतो.

४. दुसऱ्याचे ऐकण्याची सवय लावून घ्या

नकलाकार एकटा उभा असतो आणि समोरच्या पात्राचे संवादही स्वतःच बोलतो. त्यामुळे दुसरा नट बोलत असताना काय करायचे हे त्याला ठाऊक नसते. माझा चेहरा त्या वेळी पुढच्या वाक्याची वाट पाहत असल्यासारखा दिसे. यावर नाटक हा एकच उपाय मला माहीत आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत उतरणाऱ्या एखाद्या हौशी संस्थेत जा आणि मुद्दाम कमी संवादांची भूमिका मागून घ्या. महाविद्यालयात असाल तर पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धा आहेतच. दोन हंगाम पुरेसे होतात.

५. साहित्य आणि कागदपत्रे

ही यादी लहान आहे, पण तिच्यातली एखादी वस्तू नसल्यामुळे काम हातचे गेलेले मी पाहिले आहे.

छायाचित्रे: समोरून, डावीकडून, उजवीकडून आणि पूर्ण उंचीचे, साध्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात. फिल्टर लावू नका. चरित्र भूमिकेसाठी तुमचे टक्कल, पोट आणि चेहऱ्यावरचे व्रण हेच उपयोगाचे असतात. मिशी असलेले आणि नसलेले असे दोन्ही संच ठेवा.

शोरील, म्हणजे तुमच्या अभिनयाची नमुना चित्रफीत: दीड ते दोन मिनिटांचे, ज्यात तीन वेगवेगळी माणसे दिसतील. मिमिक्रीची चित्रफीत यात घालू नका; विचारली तर वेगळी पाठवा. प्रसिद्ध आवाजाने रीलची सुरुवात झाली की पाहणारा तुम्हाला विनोदी कार्यक्रमाच्या कप्प्यात टाकतो आणि पुढचे पाहत नाही.

माहितीचा एक परिच्छेद: उंची, कोणत्या वयाचे दिसू शकता, कोणत्या भाषा आणि बोली खरोखर येतात, दुचाकी-चारचाकी चालवता येते का. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांपैकी जी घरात बोलली जाते तिचाच उल्लेख करा. नकलेपुरती येणारी बोली दोन वाक्यांनंतर उघडी पडते.

कागदपत्रे: पॅन कार्ड, आधार कार्ड, बँक खात्याचा रद्द केलेला धनादेश आणि पत्त्याचा पुरावा, यांच्या प्रती मोबाइलमध्ये आणि कागदावर. पॅन दिले नाही तर मानधनातून होणारी करकपात १० ऐवजी २० टक्के होते.

सदस्यत्व: सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्व जण जिला 'सिंटा' म्हणतात ती संघटना, आणि मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ. दोन्हींच्या अटी आणि शुल्क थेट त्यांच्या कार्यालयातूनच समजून घ्या, मध्यस्थाकडून नको.

६. ऑडिशन

अंधेरी पश्चिमेला वर्सोव्यात आराम नगर नावाची जुनी बैठी वसाहत आहे. तिथल्या अनेक घरांत आता कास्टिंगची, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्यांची, कार्यालये आहेत. दारात गर्दी असते, आत डोकावून 'कशाचे ऑडिशन आहे' असे विचारले की बरेचदा 'नॉट फिट' एवढेच उत्तर मिळते. ते मनाला लावून घेऊ नका. त्याचा अर्थ त्या दिवशीच्या वयात, उंचीत किंवा रंगरूपात तुम्ही बसत नाही एवढाच असतो.

कॅमेरा सुरू झाला की आधी ओळख द्यायची असते: नाव, उंची, संपर्क क्रमांक, दोन्ही बाजूंनी चेहरा आणि हात. ही ओळख स्वतःच्या आवाजात द्या. हे लिहिताना संकोच वाटतो, पण मी पहिल्या पाच ऑडिशन्सना माझे नाव एका दिवंगत खलनायकाच्या आवाजात सांगितले होते. तिथली मुले हसली, टाळ्याही दिल्या आणि पाचपैकी एकही काम मिळाले नाही. सहाव्या ठिकाणी एका सहायक मुलीने विचारले, "सर, तुमचा आवाज कसा आहे?" मला पटकन सांगता आले नाही.

घरून चित्रफीत पाठवायची असेल तर मोबाइल आडवा धरा, छातीपासून वर दिसेल अशी चौकट ठेवा, उजेड समोरून घ्या आणि क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा, माणूस लेन्सच्या अगदी शेजारी उभा करा, म्हणजे तुमची नजर भटकत नाही. क्यू देणाऱ्याने हळू बोलावे, नाहीतर मुद्रणात त्याचाच आवाज मोठा येतो. दोन टेक पाठवा, पाच नको. दोन्हींत तोच माणूस थोड्या वेगळ्या मनःस्थितीत दिसावा. दोन वेगळ्या नकला दिसू नयेत.

७. नेहमीचे सापळे

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी शुल्क, कार्डाचे पैसे, 'पोर्टफोलिओ आमच्याच छायाचित्रकाराकडून' अशी अट, यांपैकी काहीही ऐकले की उठून निघा. मी एकदा निघालो नव्हतो. एका कॉऑर्डिनेटरने ओळखपत्र देतो म्हणून पैसे घेतले आणि प्लास्टिकच्या पट्टीवर माझ्याच छायाचित्राखाली माझेच नाव चुकीचे छापून दिले. ते कार्ड मी अजून पाकिटात ठेवतो.

दुसरा सापळा अधिक गोड आहे. एखाद्या हवालदाराच्या भूमिकेत तुम्ही जमलात की पुढची आठ कामे हवालदाराचीच येतात. सुरुवातीला घ्या, कारण घरभाडे द्यायचे असते आणि सेटची सवयही होते. मात्र दर वेळी वहीतला वेगळा हवालदार काढा: एक पाय दुखणारा, एक बदलीची वाट पाहणारा, एक नुकताच आजोबा झालेला. दिग्दर्शकाला हे वेगळेपण सांगत बसू नका, करून दाखवा. नववे काम वेगळे आले तर ते बहुधा यामुळेच येते.

तिसरा सापळा म्हणजे 'अमुक नटासारखे करा' अशी सूचना. तारखा जमल्या नाहीत किंवा पैसे परवडले नाहीत म्हणून मूळ नटाच्या जागी त्याची नक्कल उभी करायची, हा हिशेब यामागे अनेकदा असतो. मी अशा वेळी हो म्हणतो, पहिला टेक तसा देतो आणि दुसरा माझ्या पद्धतीने देऊ का असे विचारतो. नकार क्वचितच येतो.

८. मानधन, लेखी बोलणी आणि आवाजाचा हक्क

चरित्र नटाचे मानधन बहुधा दिवसावर ठरते. दर ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या: पाळी किती तासांची (मालिकांत ती साधारणपणे १२ तासांची असते), प्रवासखर्च वेगळा की त्यातच, आणि पैसे किती दिवसांनी. टीव्हीत ९० दिवसांनी पैसे मिळणे नेहमीचे आहे, त्यामुळे पहिली तीन-चार महिन्यांची तजवीज असल्याशिवाय मंचावरचे कार्यक्रम सोडू नका. करारपत्र मिळाले नाही तर निदान ठरलेल्या गोष्टी संदेशातून लिहून पाठवा आणि समोरून 'ओके' मिळवा. कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे वर्षातून दोनदा तरी पाहा.

आता आवाजाविषयी. नकलाकाराला जाहिरातीत प्रसिद्ध नटाचा आवाज काढण्यासाठी बोलावले जाते आणि पैसे बरे मिळतात. इथे जपून राहा. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आणि सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या नाव, प्रतिमा आणि आवाजाच्या विनापरवाना व्यावसायिक वापराला मनाई करणारे अंतरिम आदेश दिले. कृत्रिम बुद्धिमत्तेने गायक अरिजित सिंग यांचा आवाज तयार करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश जुलै २०२४ मधला आहे. मंचावरचे विडंबन आणि वस्तू विकण्यासाठी वापरलेला आवाज या दोन वेगळ्या बाबी आहेत. जाहिरातीचे काम घेणारच असाल तर संबंधित व्यक्तीची परवानगी घेतली आहे आणि कायदेशीर जबाबदारी निर्मात्याची राहील, असे लेखी घ्या; दिले नाही तर काम सोडा. तुमच्या स्वतःच्या आवाजाचे नमुने 'चाचणीसाठी' कोणी मागितले, तर ते कुठे वापरणार हेही लेखी विचारा.

९. सेटवरचे पहिले दिवस

कॉलटाइमच्या, म्हणजे सेटवर हजर राहायला सांगितलेल्या वेळेच्या, अर्धा तास आधी पोहोचा, सहायक दिग्दर्शकाला आल्याचे सांगा आणि मगच मेकअपला बसा. चप्पल, घड्याळ, चश्मा अशी पात्राची एखादी वस्तू घरून नेली तर वेशभूषेच्या माणसाला आधी दाखवून घ्या; परस्पर घालून उभे राहिलात तर कंटिन्यूटीचा, म्हणजे एका शॉटमधले दुसऱ्यात तसेच दिसण्याचा, घोळ होतो आणि त्याचा दोष त्याच्यावर जातो.

तुम्ही मिमिक्री करता हे दुपारपर्यंत सर्वांना कळलेले असेल. स्पॉटदादा, लाइटमन, कधीकधी स्वतः मुख्य नट 'एक होऊन जाऊ द्या' असा आग्रह करतील, तोही नेमका दोन शॉट्सच्या मधे, जेव्हा तुमचा कारकून तुमच्या अंगात नुकता बसू लागलेला असतो. मी हात जोडून 'पॅकअपनंतर' असे सांगतो, आणि पॅकअप झाल्यावर ते वचन न विसरता पाळतो: मेकअप पुसलेला असतो, जनरेटर बंद झालेला असतो, आणि गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या पंधरा-वीस जणांसमोर मी सगळे एकवीस आवाज मोठ्याने काढतो.